वेल्डिंग शिकायचे, पण कुठे आणि कोणत्या भाषेत?

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात घराघरांत दोन प्रश्न एकदम उभे राहतात. पोराने पुढे काय करायचे हा पहिला आणि ते कोणत्या भाषेत करायचे हा दुसरा. सांगली-साताऱ्याच्या पालकाचे पहिल्या प्रश्नावर भागते. सीमाभागातल्या पालकाला दोन्ही सोडवल्याशिवाय अर्ज भरता येत नाही.

निकालानंतरच्या आठवड्यात जांबोटी रस्त्यावरच्या एका खेड्यातले शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षे काढली असल्याने असे लोक अधूनमधून येतात. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, ५८ टक्के गुण, अंगाने काटक. वेल्डर व्हायचे हे त्याने ठरवलेलेच होते. थोरला भाऊ तीन वर्षे एका ग्रिलच्या दुकानात आहे, त्याच्याबरोबर जाऊन-येऊन याला नाद लागलेला. वडिलांची अडचण निराळी होती. "सर, बेळगावला आयटीआयला घालू, की चंदगडकडे महाराष्ट्रात घालू? तिकडं मराठीत शिकवतील की हो. की थोरल्यासारखं मिस्त्रीकडंच ठेवू? आणि ते एक खासगीवाले आलेत गावात, तीन महिन्यांत परदेशी पाठवतो म्हणतात."

चार वाटा त्यांनी एका दमात मोजल्या. त्या चारही मला ठाऊक होत्या, तरी उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे हिंडून आलो. त्यात जे दिसले आणि जे मला आधीपासून माहीत होते, ते इथे मांडतो. दर जूनला हाच प्रश्न दुसऱ्या कोणाच्या तरी ओसरीवर उभा असतोच.

जोड सगळे सारखे नसतात

वेल्डिंग म्हटले की रस्त्याकडेचे शटर-ग्रिलचे दुकान आपल्या डोळ्यांसमोर येते. ते काम खोटे नव्हे, पण या धंद्याची ती पहिली पायरी आहे. आपल्या आसपासच पाहा. उद्यमबाग आणि मच्छे इथे फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, उसाच्या ट्रॉल्या बांधणारे आहेत. संकेश्वर, निपाणीपासून अथणीपर्यंत साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम संपला की त्यांचे बॉयलर आणि मिल उघडून दुरुस्तीला घेतात आणि चांगल्या वेल्डरला त्या दिवसांत मागणी असते. चोर्ला घाट उतरला की सत्तरीत होंड्याजवळ बसच्या बॉडी बांधणारा कारखाना आहे. वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. पोर्तुगीजांनी १९५७ साली सुरू केलेल्या गोदीतून ते उभे राहिले. वर कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहेच.

या सगळ्या ठिकाणी वेल्डर लागतो, पण एकच वेल्डर सगळीकडे चालत नाही. टेबलावर आडवी ठेवलेली पट्टी जोडणे सर्वांत सोपे, कारण वितळलेले लोखंड आपल्या वजनाने जागेवर बसते. तीच पट्टी भिंतीसारखी उभी केली की रस खाली ओघळू लागतो. डोक्यावर छताला लावली की तो अंगावर पडू पाहतो. कारखान्याच्या भाषेत प्लेटच्या या स्थितींना १-जी, २-जी, ३-जी, ४-जी म्हणतात. सर्वांत अवघड परीक्षा ६-जी. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधायचा, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरत जोड पुरा करायचा. एकाच फेरीत आडवे, उभे आणि डोक्यावरचे असे सगळे काम त्यात येते. मग तो जोड वाकवून पाहतात किंवा त्याचा एक्स-रे काढतात. आत बुडबुडा राहिला, मळी अडकली, तळापर्यंत रस पोचला नाही, तर सगळे फोटोत दिसते.

बॉयलरच्या दाबाखालच्या भागांवर तर राज्याच्या बॉयलर खात्याची परीक्षा उतरलेलाच वेल्डर चालतो. साखर कारखान्याच्या दारात दोन वेल्डर उभे असतात. दोघांना वेल्डिंग येते, पण एकाला बॉयलरच्या नळीला हात लावता येतो आणि दुसऱ्याने बाहेरचे कठडे जोडायचे असतात. पगारातला फरक इथूनच सुरू होतो.

मिस्त्रीच्या हाताखाली

थोरल्या भावाची वाट प्रथम घेऊ, कारण आपल्या खेड्यांतली बहुतेक मुले तिनेच जातात. तिचे फायदे खरे आहेत. पहिल्या महिन्यापासून चार पैसे सुटतात, गिऱ्हाईक कसे सांभाळावे हे कळते, गेज, अँगल, चॅनेल यांची ओळख बोटांना होते. बोलणे मराठीत, शिव्याही मराठीत.

पण दुकानात जे काम येते तेच शिकायला मिळते. ग्रिल-शटरला ६०१३ नंबरची रॉड पुरते. ती चालवायला सोपी आणि दिसायला छान. दाबाच्या आणि भाराच्या कामाला ७०१८ लागते. या रॉडला ओल चालत नाही. ओलसर रॉडमधून हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतून तडकू शकतो, म्हणून ती वापरण्याआधी भट्टीत तापवून गरम डब्यात ठेवावी लागते. खानापूरच्या पावसाळ्यात कपाटातली वहीसुद्धा ओली होते, तिथे रॉडचे काय होत असेल! थोरल्याला मी हे विचारले. तीन वर्षांत त्याने ७०१८ हातात धरलेली नव्हती. ट्यूबलाईटच्या उजेडात बाहेर बसून तो एका हाताने काच धरतो आणि दुसऱ्या हाताने टॅक मारतो. काच आडवी येते म्हणून टॅकच्या वेळी डोळे नुसते मिटून घेतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मग आई बटाट्याचे काप ठेवते.

एवढे करून हातात कागद नाही. त्याचे काम चांगले आहे, मी पाहिले आहे. पण कारखान्याच्या दारावर नुसते "येतंय मला" म्हणून भागत नाही. अशा अनुभवी मुलांसाठी सरकारी कौशल्य योजनेत आधीच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती आयटीआयच्या बरोबरीची नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. थोरल्याला मी तिकडे पाठवले आहे.

बादलीत डोकावून पाहा

आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. आठवी पास मुलालाही प्रवेश मिळू शकतो, तरी दहावी पुरी केल्याशिवाय जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत दहावीचे गुण धरतात, त्यात किमान ५० टक्के मागतात. आखातात जायचे तर दहावी पास असलेल्याला पासपोर्टवर परवानगीचा शिक्का लागत नाही. त्याखालच्याला काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी काढावी लागते. आठवीनंतर वाचवलेली दोन वर्षे पुढे अशी दारावर अडवतात.

या वर्षात गॅस वेल्डिंग, गॅस कटिंग, साधे रॉडचे वेल्डिंग, वायरचे म्हणजे आपण ज्याला सीओटू म्हणतो ते, आणि आर्गॉनचे टिग, अशा सगळ्या पद्धती येतात. कागदावर अभ्यासक्रम सगळीकडे सारखा असतो. फरक पडतो तो रॉड किती जाळायला देतात यात.

हा हिशेब मी त्या बापलेकांना अंगणात काडीने मांडून दाखवला. ३.१५ मिलिमीटरची एक रॉड साधारण सव्वा मिनिटात संपते. मुलाला दिवसाला दोन रॉड मिळाल्या आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर ४०० रॉड झाल्या. म्हणजे ५०० मिनिटे, सव्वाआठ तासांहून थोडे जास्त. वर्षभर शिकून मुलाने एका दिवसाच्या पाळीइतकाच वेळ ज्योत पेटवली. दिवसाला दहा रॉड मिळाल्या तर तोच आकडा ४१ तासांवर जातो. ४१ तासांत माणूस उस्ताद होत नाही, पण हात स्थिर होतो. वडिलांनी मान हलवली. दोन म्हशींच्या चाऱ्याचा हिशेब त्यांना येतो, हा कळायला वेळ लागला नाही.

म्हणून कोणत्याही संस्थेत गेलात की इमारत, संगणक कक्ष, भिंतीवरचे फोटो पाहून झाले की वर्कशॉपच्या कोपऱ्यातली बादली बघा. रॉड संपली की दोन बोटांएवढे बूड उरते, ते बादलीत टाकतात. बादली भरलेली असेल तर मुले काम करतात. आम्ही एका खासगी संस्थेत गेलो तिथे बादली कोरी होती आणि मशिनवर धूळ होती. साहेब मात्र तीन महिन्यांत ६-जी करून देण्याच्या गोष्टी सांगत होते. मी विचारले, "पाइप कुठं आहेत?" मागवलेत म्हणाले.

त्या ६-जीच्या कागदाबद्दल आणखी एक सांगतो, कारण त्यापायी लोक जमीन गहाण टाकतात. वेल्डरची पात्रता आयुष्यभराची नसते. मोठ्या प्रकल्पांवर जो अमेरिकन नियमसंग्रह चालतो, त्यात ६ महिने त्या पद्धतीचे काम केले नाही तर पात्रता संपते. शिवाय बहुतेक मोठे ठेकेदार आपल्या दारात आपली परीक्षा पुन्हा घेतात. कागद दाखवून परीक्षेला उभे राहता येते, उतरायचे हातानेच. परदेशी पाठवणारा एजंट सरकारी नोंदणीचा आहे का हेही बघा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

आयटीआयनंतर घरी बसू नये. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करावी. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. ही रक्कम फार नाही, पण खरे शिक्षण इथे होते. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपला, माझगाव डॉकला, मोठ्या खासगी कारखान्यांत अशा जागा निघतात. रोजगारवार्ता पाहण्याची सवय मुलाला लावा.

आता भाषेचे

आपल्या भाषेला धातू जोडणे नवे नाही. तांबट भांड्याला डाख देत, झाळ मारत. लोहार दोन लाल तुकडे ऐरणीवर ठोकून एक करी. वेल्डिंग आले तेव्हा विद्वानांनी त्याला वितळजोड म्हटले. शब्द चांगला होता, पण पुस्तकातून वर्कशॉपपर्यंत चालत आला नाही. कन्नडमध्ये बेसुगे म्हणतात. मनामनांच्या जोडालाही ते लोक हाच शब्द वापरतात. पण उद्यमबागेत मराठी असो की कन्नड, सगळे वेल्डिंगच म्हणतात. होल्डर, रॉड, अर्थिंग, स्लॅग, ग्राइंडर यांनाही दोन्हीकडे तीच नावे आहेत. यंत्राच्या नावांवरून आपला तंटा कधी झाला नाही.

मग भाषेचा प्रश्न उरतो कुठे? मला विचाराल तर हेल्मेटच्या आत. मूल ज्योत पेटवते तेव्हा त्या काळ्या काचेतून त्याला रसाचा तेवढा तांबडा थेंब दिसतो. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, हात दिसत नाही. फक्त कान उघडे असतात. मागून आवाज येतो: रॉड जवळ आण, कोन कमी कर, घाई करतोस, थांब, कडेला रस भरू दे. हे शब्द त्या सव्वा मिनिटात कळले तर उपयोग, नंतर कळून काय करायचे? मराठी शाळेतून आलेला मुलगा इथे पहिले तीन महिने चाचपडतो. शिक्षक कन्नडमध्ये सांगतो, मुलगा मान हलवतो, जोड वाकडाच होतो आणि शिक्षकाला वाटते पोरगा ढ आहे. अशी दोन-तीन मुले अर्ध्यातून परत आलेली मी पाहिली आहेत. घरी येऊन ती "जमत नाही" एवढेच सांगतात, भाषेचे नाव काढत नाहीत. लाज वाटते.

घटनेच्या ३५० अ कलमाने मातृभाषेतून शिक्षणाची जी सोय सांगितली आहे ती प्राथमिक टप्प्यापुरती. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली ते कलम आले, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण इकडे आलो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये त्या कलमाचा आधार घेता येत नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. दहावी झालेल्या मुलाला यंदाच प्रवेश घ्यायचा आहे.

महाराष्ट्रात घालायचे तर वाट आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिकडच्या अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र स्थान आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांसाठी १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला त्यासाठी लागतो. आयटीआयच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते. तिच्यात सीमाभागातल्या उमेदवारांबद्दल काय लिहिले आहे ते स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. दाखल्याची तयारी मात्र निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सुरू करा. आपली मुले गुणांवर मागे पडत नाहीत, कागदावर पडतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलाला पुढे कर्नाटक सरकारच्या नोकरीत किंवा परिवहन मंडळाच्या डेपोत जायचे असेल तर कन्नडची अट येणार. तिकडे मराठीत शिकून आला तरी ती सुटत नाही. उलट रेल्वेची टेक्निशियनची परीक्षा संगणकावर मराठीतूनही देता येते. ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? अर्ज भरताना भाषेचा रकाना येतो, तिथे मुले सवयीने इंग्रजी टिचकवतात आणि तांत्रिक प्रश्नांत अडखळतात.

प्रमाणपत्राच्या बाबतीत राज्य कोणते हा मुद्दा गौण आहे. राष्ट्रीय परिषदेची मान्यता असलेल्या आयटीआयचे प्रमाणपत्र बेळगावचे असो की कोल्हापूरचे, देशभर एकच धरले जाते. संस्थेला ती मान्यता वेल्डर ट्रेडसाठी आहे ना, एवढे विचारून घ्या. फलकावर नुसते आयटीआय लिहिलेले असते. सिद्धांताची परीक्षा आता संगणकावर होते. प्रश्न कोणकोणत्या भाषांत मिळतील हेही प्राचार्यांना प्रवेशाच्या आधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही आणि हक्काची भाषाही नको, साधे विचारायचे.

आम्ही तिघे हिंडलो तेव्हा दोन्ही बाजूंची एकेक सरकारी संस्था पाहिली. सीमेपलीकडच्या संस्थेत शिकवणे मराठीत होते, पण गावाहून रोज जाणे शक्य नव्हते आणि राहण्या-जेवणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. अलीकडच्या संस्थेत शिक्षक कन्नड भाषिक. वर्कशॉपमध्ये मात्र ते कन्नड, मराठी आणि हिंदी यांची मिसळ करून बोलत होते, जशी बेळगावात सगळेच करतात. बादली भरलेली होती. एका मुलाच्या मागे उभे राहून ते त्याचा कोपर हाताने धरून दाखवत होते. मी त्यांना आमच्या मुलाची अडचण सांगितली. ते हसून म्हणाले, पहिला महिना मराठीत सांगीन, दुसऱ्या महिन्यापासून त्याने कन्नड शिकायचे.

मला हा सौदा वाजवी वाटला. वडिलांना थोडे खटकले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांचे चुलते तुरुंगात गेले होते, घरात त्याची आठवण आहे. मी त्यांना एवढेच म्हटले की वर्कशॉपमध्ये बेंकी म्हणजे आग, बिसि म्हणजे गरम, निल्लु म्हणजे थांब, मुट्टबेडा म्हणजे हात लावू नकोस, हे शब्द पोराला पहिल्याच दिवशी यायला हवेत. वरून क्रेन चालली असताना कोणी कन्नडमध्ये ओरडला आणि याला कळायला दोन क्षण लागले तर? ते काही वेळ गप्प बसले. मग मुलाला म्हणाले, "शीक. पण घरात मराठी वाचायचं सोडायचं नाही."

वाचायला काय द्यायचे, हा पुढचा प्रश्न. आयटीआयची पुस्तके तयार करणारी केंद्र सरकारची संस्था चेन्नईला आहे. ती इंग्रजी-हिंदीखेरीज मराठी-कन्नडसारख्या भाषांतही पुस्तके काढते. सरकारच्या भारत स्किल्स या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. आपल्या ट्रेडचा मराठी भाग उतरवून घ्यावा आणि दिवसा जे ऐकले ते रात्री मराठीत वाचावे. इंग्रजी लागते ते ड्रॉइंगपुरते आणि तेही थोडे. वेल्डिंगच्या खुणा तर चित्रेच आहेत: बाण, आडवी रेघ, रेघेला चिकटलेला त्रिकोण. त्रिकोणाशेजारी ६ लिहिले असेल तर कोपऱ्यातल्या जोडाचा पाय ६ मिलिमीटरचा. त्याला ०.७ ने गुणले की जोडाची खरी जाडी येते, ४.२ मिलिमीटर. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलाला हे गणित येते.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या कोणत्याही भाषेत सांगितल्या तरी चालतील पण सांगितल्याच पाहिजेत. काचेचा नंबर १० किंवा ११ असावा, काळा गॉगल चालत नाही. डोळे चुरचुरले तर बटाटा राहू दे, डॉक्टरकडे जा. ऑक्सिजनचे सिलिंडर काळे, ॲसिटिलीनचे तांबूस लाल. ॲसिटिलीनचे आटे उलटे असतात ते मुद्दाम, जोर करून दुसरे बसवू नये. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, भडका उडतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गावात त्याला मलेरिया समजून गोळ्या घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. दार-खिडकी उघडी ठेवणे आणि धुराच्या वरच्या अंगाला तोंड न नेणे हे तरी फुकटात होते. ज्या संस्थेत मुलांच्या पायात चपला दिसतील तिथून परत फिरा.

मुलगा बेळगावला दाखल झाला. दिवाळीच्या सुट्टीत तो एक जोडलेली पट्टी पिशवीत घालून मला दाखवायला आला. जोड बरा होता, पण डाव्या अंगाला लांबच लांब चर पडला होता. करंट जास्त झाला आणि हात पुढे पळाला की कड वितळून जाते आणि ती भरायला रस उरत नाही. मी बोट ठेवून दाखवणार तोच तो म्हणाला, "सरांनी सांगितलं आधीच."

"काय म्हणाले?"

"अंच तिंदि नोडु म्हणाले." मग मला कळले की नाही असे वाटून त्याने भाषांतरही केले. "कड खाल्लीस बघ."